अनसूयामावशीचं सुतक

मीरा रोडच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. परवा अकरावीच्या उताऱ्यात 'मीनिअल' हा शब्द आला. 'मीनिअल जॉब्स' असं होतं. मी अर्थ विचारला तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅम, हलकी कामं. मतलब झाडू-पोछा टाइप." वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं, शब्दकोशातही जवळपास तेच दिलंय.

एरवी मी या शब्दाची कुळकथा सांगते. मला ती सांगायला फार आवडायचं. लॅटिनमध्ये राहणं, वस्ती करणं अशा अर्थाचं एक क्रियापद आहे. त्यावरून राहण्याची जागा, म्हणजे घर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये घरातली सगळी मंडळी, आणि तिथून इंग्रजीत हा मीनिअल. सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच होता: घरातला. मग घरची कामं करणारा, मग नोकर, मग नोकराने करायचं काम, आणि शेवटी हलकं, खालच्या पायरीचं. शब्द दिवाणखान्यातून निघाला आणि मोरीपाशी जाऊन बसला, असं मी म्हणायचे. मुलं हसायची.

परवा मला ते सांगता आलं नाही. "बरोबर आहे, पुढे वाचा," म्हटलं आणि खुर्चीत बसले. ही कुळकथा मी पहिल्यांदा ऐकवली होती ती आमच्या स्वयंपाकघरात, अनसूयामावशीला. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. ओट्यावर बसून मोठ्याने पाठ करायची मला सवय होती. मावशी खाली बसून गवार मोडत होती. तिने हात थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे घरातलीच की गं, रसू! मग त्यात वाईट काय आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही." आणि पुढचा शब्द पाठ करायला घेतला.

अनसूयामावशी आमच्याकडे आली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ती चोवीस. आम्ही नुकतेच गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलो होतो, आणि दोन बेडरूम झाल्या की बाई लागते असा तेव्हा समज होता. मावशी गोडदेवच्या चाळीत राहायची, अजूनही तिथेच राहते. नवरा महिपत भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होता. तिच्या घरातली ताटं आमच्या ताटांपेक्षा जास्त चकचकीत होती. ती आधी धुणीभांड्याला आली, मग पोळ्यांना, मग सगळ्यालाच. माझे केस विंचरले तिने. माझ्या भावाच्या, नीरजच्या कांजिण्यांत कडुलिंबाचा पाला घेऊन बसली ती. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई ऑफिसात होती, तेव्हा जवळ मावशीच होती.

आई, म्हणजे सुचेता, कोणालाही सांगायची, "आमची अनसूया कामवाली नाही हो, घरातलीच आहे." मनापासून सांगायची. हे मी आईची बाजू घ्यायला म्हणत नाही. मनापासून बोललेल्या गोष्टी तपासून बघायची कोणाला गरज वाटत नाही, म्हणून सांगतेय. घरातल्या मावशीचा कप सिंकच्या खिडकीत वेगळा असायचा. घरातली मावशी स्वयंपाकघरात खाली बसून जेवायची. घरातल्या मावशीने सोसायटीची मागची लिफ्ट वापरायची, आणि पुढे गेटचं ॲप आलं तेव्हा ती गेटवर आली की आईच्या फोनवर 'डेली हेल्प' आत आल्याचा मेसेज वाजायचा. आणि देवघर. देवघराला मात्र तिने सत्तावीस वर्षांत हात लावला नाही. "तेवढं राहू दे, ते मी बघते," आई म्हणायची. का, ते कोणी विचारलं नाही. विचारायचं नाही हे आम्हा सगळ्यांना नीट कळत होतं.

महिपत छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा मी दहावीत होते. पाचव्या दिवशी आईने निरोप पाठवला. नीरजची परीक्षा होती, घराचा उकिरडा झाला होता. मावशी आली. दारातच म्हणाली, "वहिनी, मला सुतक आहे अजून." आई म्हणाली, "अगं, धुणीभांड्याला काय होतंय? देवापाशी तसंही तुला जायचं नाही." मावशीने पदर खोचला आणि कामाला लागली. आठ वर्षांची अनुष्का, तिची मुलगी, आमच्या गॅलरीत पाय पोटाशी घेऊन दिवसभर बसली होती. मी तिला एक जुनं चित्रांचं पुस्तक दिलं. मला वाटलं, मी किती चांगली आहे.

चार वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोवर माझं लग्न झालं होतं. मी मीरा रोडलाच, दहा मिनिटांवर राहते, पण कॉलेज आणि घर सांभाळून रविवारी यायचे. नीरज पुण्याला. बाबांना, हरिश्चंद्ररावांना, आयुष्यात स्वतःचा चहाही करता आला नव्हता. मावशीने बाकीची दोन घरं सोडली आणि सकाळी आठ ते रात्री आठ आमच्याकडे राहिली. आंघोळ, बेडपॅन, कूस बदलणं, पाठीला पावडर, पेज भरवणं, सगळं. आईला पाठीवर एकही जखम झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "सून फार चांगली आहे हो." बाबांनी त्यांची चूक दुरुस्त केली.

गेल्या वर्षी माघ महिन्यात, एका सोमवारी सकाळी, आई गेली. बाबा खाली दूध आणायला गेले होते. मावशी पेज भरवत होती. तिसरा चमचा गालातून बाहेर आला आणि मावशीला कळलं. तिने तुळशीचं पान बुडवून दोन थेंब पाणी आईच्या ओठांत सोडलं आणि मग मला फोन केला. नीरज दुपारी एकला पोहोचला. त्याने गंगाजल घातलं. डोंबिवलीच्या काकू भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "पुण्यवान हो, मुलाच्या हातचं पाणी मिळालं." मावशी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मला माहीत असून मीही बोलले नाही.

आईला शेवटची साडी नेसवत होतो तेव्हा गॅलरीतून मावशीचा फोनवरचा आवाज येत होता. "हो, घरातच झालंय... नाही ओ, आता दहा दिवस काहीच करता येणार नाही. सुतक आहे." मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. खरं तर मला माहीत होतं की येत्या रविवारी अनुष्काचा साखरपुडा आहे. मुलगा नवघरचा, अनिश नावाचा, औषधांच्या गोदामात सुपरवायझर. मावशी महिनाभर त्याच्याबद्दलच बोलत होती. वडील नसलेल्या मुलीला असं स्थळ मिळालं म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी साडी देईन म्हणाले होते. आईच्या दुःखात मी ते साफ विसरले. दुःख खरं होतं, पण विसरण्यासाठी आपण कोणाला निवडतो हेही खरंच असतं.

दुसऱ्या दिवशी देवाचा प्रश्न आला. घरात सुतक, पूजा कोण करणार? सुतकाचीही एक उतरंड असते. मुलाला, सुनेला, नवऱ्याला, दिराला, जावेला दहा दिवस. मी पोटची मुलगी, पण लग्न झालेली, म्हणून मला तीन. हे काकूंनी मला समजावून सांगितलं तेव्हा मी चिडले होते. जिथे जन्मले, त्या घरातलं माझं नातं तीन दिवसांत आटोपतं म्हणून. माझा अपमान मला लगेच कळतो.

काकू म्हणाल्या, "देव अंधारात नको राहायला. अनसूया लावेल ना दिवा. तिला कुठे सुतक आहे?"

मावशी पिठलं ढवळत होती. तिने गॅस बारीक केला. "नको काकू. मला पण आहे ना."

"तुला कसलं गं?"

"घरातच आहे मी वहिनींच्या. मी कशी लावू?"

काकू हसल्या. नीरज हसला, बाबाही त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. वाईट हसणं नव्हतं ते, कौतुकाचं होतं. "बघा, किती जीव आहे," काकू म्हणाल्या. मावशीही थोडं हसली आणि पुन्हा पिठलं ढवळायला लागली. दिवा तिने लावला नाही. ती दोन दिवस घरीही गेली नव्हती, आमच्या स्वयंपाकघरात चटईवर झोपत होती. डोक्याला तेल नाही, कपाळाला कुंकू तसंही नव्हतं, आणि चहात दूध घेत नव्हती. हे सगळं मी पाहत होते. पण ही बाई खरोखरच सुतक पाळतेय हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, दमली असेल.

बुधवारी दुपारी चारला गेटवरून इंटरकॉम आला. बाबांनी उचलला. "कौन? अनसूया के यहाँ? अनसूया का घर नहीं है ये... अच्छा, भेजो."

गोडदेवच्या चाळीतून पत्ता घेऊन अनिशची आई आणि मामा आले होते. दोघं पांढऱ्या कपड्यांत, हातात काही नाही, दुखवट्याला जातात तसे. होणाऱ्या सोयऱ्यांच्या घरात मयत झालं की भेटायला जायचं, ही रीत त्यांनी नीट पाळली होती. मावशी एका घरी आजारी माणसाचं सगळं बघते एवढं त्यांना माहीत होतं. वारलं ते तिचं कोणी नात्यातलं, म्हणून तिच्या नातलगांच्या घरी आपण आलोय, असं ते धरून होते. अनिशच्या आईने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार वाईट झालं. कितव्या दिवशी आहे कार्य? आम्ही येऊ. साखरपुड्याचं काय, पुढची तारीख काढू. सुतकापुढे कोणाचं चालतंय?"

मग तिने भिंतीवर आईचा फोटो पाहिला, आमचं सोफा-टीव्हीचं घर पाहिलं, आणि विचारलं, "तुमचं आणि अनसूयाताईंचं नातं कसं?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मला दिवसातून एकदा तरी आठवतो. एक वाक्य पुरलं असतं. 'त्या आमच्या घरातल्याच आहेत, त्यांना सुतक आहे.' आयुष्यभर आम्ही तेच तर म्हणत आलो होतो. आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं वाक्य, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची कोणाला गरज होती.

मी म्हणाले, "अहो, काहीतरी गैरसमज झालाय. अनसूयामावशी आमच्याकडे कामाला आहेत. त्यांना कसलं सुतक? तुम्ही रविवारी खुशाल साखरपुडा करा."

मुलांच्या वहीतली चूक सुधारताना लागतो तो माझा आवाज होता. आणि खरं सांगते, मला वाटलं मी तिचं भलं करतेय. तिला मोकळी करतेय. बाबांनी वर भर घातली, "आम्ही तर तिला सुट्टीपण दिली असती. बोललीच नाही ती."

मग मामा उठले. "दीडशे माणसांना फोन करून सांगितलं आम्ही, व्याह्यांकडे मयत झालंय म्हणून. आता काय सांगू त्यांना? मालकीण वारली म्हणून?"

"दादा, तसं नाही ओ," मावशी म्हणाली. "वहिनी माझ्या हातावर गेल्या. मला वाटलं..."

"काय वाटलं?" अनिशची आई म्हणाली. "ह्यांना विचारलं होतंत? ह्यांना तर माहीतपण नाही तुम्ही सुतक धरलंय ते. आणि आमच्या पोराच्या कार्यापेक्षा मालकीण मोठी झाली तुम्हाला? उद्या लग्नाच्या दिवशी इथे कोणाला बरं नसलं तर तुम्ही मांडवातून उठून येणार? जिला आपलं घर कुठलं ते कळत नाही, तिची मुलगी आमचं घर काय सांभाळणार?"

मी मध्ये बोलायला गेले. मामांनी हात वर केला. "ताई, तुमचा काही दोष नाही. तुम्ही खरं तेच सांगितलं."

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. अनिशची आई दारात थांबली आणि मावशीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "येतो आम्ही." दुधाशिवायचे दोन कप तसेच राहिले.

मावशीने ते मोरीत ओतले आणि कप धुतले. मग हात धुतले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. पदराने हातपाय कोरडे करून ती देवघरापाशी गेली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. आईच्या देवघराचं दार तिने उघडलं, समई पुसली, वात घातली आणि दिवा लावला. हात नाही जोडले. पुन्हा स्वयंपाकघरात येऊन भाकरीचं पीठ मळायला बसली.

"बघा, लावला ना शेवटी," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "बरं झालं."

गुरुवारपासून माझं सुतक फिटलं आणि मी कॉलेजला जायला लागले. मावशी चौदाव्या दिवसापर्यंत आली. रोज दिवा लावला, पाहुण्यांचं जेवणखाण केलं, गोडाच्या जेवणाला चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. दरम्यान अनिशकडून निरोप आला होता की त्यांना हे स्थळ नको. ते मावशीने आम्हाला सांगितलं नाही. मला अनुष्काने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मी त्यांच्याशी बोलते. ती म्हणाली, "नको ताई. तुम्ही अजून काही बोलू नका." मला राग आला. तोही सांगून टाकते, लपवून काय उपयोग. मला त्या पोरीचा राग आला.

गोडाच्या जेवणानंतर काकूंनी आईच्या कपाटातली एक सुती साडी मावशीला दिली. ती "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबा उठले तर ओट्यावर तीच साडी घडी घातलेली, तिच्यावर आमच्या घराची किल्ली, आणि किल्लीशेजारी सोसायटीचं गळ्यात घालायचं कार्ड, फोटोची बाजू खाली. खिडकीतला कप तिने नेला होता.

"एवढं केलं आपण तिच्यासाठी," बाबा वर्षभर म्हणत राहिले. नीरज म्हणाला, "आजकाल कोणाचं काही खरं नाही." आम्ही दुसरी बाई ठेवली. तिला मात्र कोणी घरातली म्हटलं नाही. तेवढी अक्कल आम्हाला आली.

गेल्या आठवड्यात आईच्या वर्षश्राद्धाची तयारी सुरू झाली. बाबा म्हणाले, "अनसूयाला बोलाव. तिच्याशिवाय कसं होणार?" म्हणजे कशाकशासाठी, ते मी विचारलं नाही. मलाही जायचं होतं. आईची एक मोतिया रेशमी साडी मी माझ्यासाठी काढून ठेवली होती, ती पिशवीत घातली आणि शेअर रिक्षाने गोडदेवला गेले. सत्तावीस वर्षांत मी तिच्या घरी दोनदा गेले होते.

चाळीच्या आसपास नव्या इमारती उठल्यात, चाळ तशीच आहे. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होती. शेजारची एक बाई तिच्याजवळ बसली होती. मला पाहून मावशी उठली. केस पिकलेत, तब्येत बरी वाटली. आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून तिने पदराने पुसली. "बसा."

'बस गं रसू' नाही. बसा.

मी बसले. अनुष्काचं लग्न डिसेंबरात झालं, वसईला दिलं, चांगली माणसं आहेत, असं तिने सांगितलं. चहा दिला, चांगल्या कपात, बशीसकट, भरपूर दूध घालून. स्वतःसाठी केला नाही. मी पिशवी पुढे केली. तिने साडीवरून एकदा हात फिरवला, अगदी ओळखीचा हात, आणि पिशवी माझ्या खुर्चीच्या पायाशी परत ठेवली.

"मावशी, रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. तू ये. तू आल्याशिवाय..." जे तोंडात आलं होतं ते मी गिळलं.

"नाही जमणार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते, रडले असते, काहीतरी करता आलं असतं. "घरच्यांनी करायचं असतं ते. तुम्ही करा व्यवस्थित."

"मावशी, अगं मी रसू."

"हो, ओळखलं ना."

शेजारची बाई इतका वेळ माझी साडी, पर्स, चप्पल बघत होती. मी उठले तसं तिने विचारलं, "कोण गं अनसूया? तुझ्या नात्यातल्या का?"

मावशीने तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी पूर्वी कामाला होते ना, तिथल्या मॅडम आहेत."